पट्टीसाहेबांचा प्रिंटर

पडदेवाल्या काकूंना यंत्रांची भीती कधी वाटली नव्हती. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या शिवणयंत्रावर बसत होत्या, आणि तेही पडद्यांसाठी. पडद्याचं कापड जड, लांबलचक, ओढायला गेलं की सगळं अंगावर येणारं. त्यापायी यंत्र अधूनमधून रुसायचंच. मग काकू आधी दोरा बघायच्या, मग सुई, मग बॉबिन काढून खालच्या खाचेत फुंकर मारायच्या. कुठे ना कुठे धाग्यांचा गुंता सापडायचा आणि यंत्र पुन्हा धावायला लागायचं. टाके सुटत असले तर सुई बोथट झालीय, कुरकुर येत असली तर तेल हवंय. आपण फक्त कान द्यायचा, असा त्यांचा अनुभव.

पट्टीसाहेबांचा प्रिंटर मात्र काही म्हणता काही सांगत नव्हता. कोपऱ्यातल्या स्टुलावर हिरवा दिवा लावून तो शहाण्यासारखा बसून होता. त्याच्या पोटात कागद होते, शाई होती, वायर भिंतीत नीट खोचलेली होती. आणि संगणकावर मात्र त्याच्या नावापुढे करड्या अक्षरांत एकच शब्द येत होता, ऑफलाइन. काकूंनी छापायची आज्ञा दिली की संगणक ‘बरं’ म्हणायचा, एक छोटं चाक गरगर फिरवायचा आणि मग सगळं शांत. काकू पुन्हा आज्ञा द्यायच्या. पुन्हा तेच.

पट्टीसाहेब म्हणजे काकूंचे यजमान. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली. शर्टाच्या खिशात कायम एक छोटी स्टीलची पट्टी असायची, म्हणून सोबतच्या लोकांनी हे नाव पाडलं आणि ते घरापर्यंत आलं. माणूस तसाच होता. फळीवर बरणी बसेल की नाही हे आधी मोजून मगच बरणी विकत घेणारा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं संगणक घेतला, मग प्रिंटर घेतला. खोक्यातून निघालेलं माहितीचं चोपडं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि तोवर कोणाला बटणाला हात लावू दिला नाही. घरात कापड काकूंच्या ताब्यात आणि वायरी साहेबांच्या ताब्यात, अशी वाटणीच होती. दोघंही एकमेकांच्या राज्यात नाक खुपसत नसत.

मग एका सकाळी दाढी करता करता साहेबांच्या हातातला ब्रश गळून पडला. काकू धावत गेल्या तेव्हा ते आरशाला धरून उभे होते, अर्ध्या चेहऱ्याला फेस होता आणि उरलेला अर्धा चेहरा खाली ओघळल्यासारखा दिसत होता. दवाखान्यातून परत आले ते उजवा हात, उजवा पाय आणि वाचा तिथेच ठेवून. पाय थोडा थोडा वळणावर आला. वाचेचं मात्र विचित्र झालं. सगळे शब्द गेले आणि एकच उरला, ‘उद्या’.

तोच का उरला, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. चहा हवा का? उद्या. डोकं दुखतंय का? उद्या. दुसऱ्या शहरातली मुलगी फोनवर रडवेल्या आवाजात हाक मारायची, बाबा, ऐकताय ना? आणि बाबा म्हणायचे, उद्या. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांना हसू आवरायचं नाही. साहेबांनाही स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द ऐकू यायचा. तो चुकला हे त्यांना कळायचं आणि त्यांचा चेहरा असा पडायचा की हसणाराच मान खाली घालायचा. हळूहळू येणारे कमी झाले.

वाचा-उपचार केंद्रातल्या बाई तरुण होत्या आणि खरं बोलणाऱ्या होत्या. शब्द डोक्यातून गेलेले नाहीत, डोक्यातून तोंडाकडे येणारी वाट खचलीय, असं त्यांनी सांगितलं. उपाय म्हणून आठवड्यातून तीनदा केंद्रात जायचं, आणि घरच्या सरावासाठी त्या दर आठवड्याला ईमेलनं चित्रांची पानं पाठवायच्या. मोठं रंगीत चित्र, खाली जाड अक्षरात शब्द. काकूंनी ती छापायची, साहेबांपुढे मांडायची, शब्द उच्चारायचा आणि त्यांनी बोट ठेवायचं. पानं कागदावरच हवीत, कारण साहेबांच्या नजरेची उजवी बाजूही अधू झाली होती आणि संगणकाच्या पडद्याच्या उजेडाकडे बघितलं की ते डोळे मिटून मान फिरवायचे.

पहिल्या खेपेची पानं छान निघाली. मुलीनं फोनवर शिकवलं, इथे दाब, तिथे दाब, आणि पाण्याचा ग्लास कागदावर उतरला. मग चष्मा, मग चादर, मग गोळी. काकूंनी ‘चष्मा’ म्हटलं आणि साहेबांनी डावं बोट बरोबर चष्म्यावर टेकवलं, त्या दिवशी काकूंनी शेजारच्या दारांवर जाऊन सांगितलं होतं.

आणि मग इंटरनेट कंपनीचा माणूस आला. दाराच्या वर लावलेला इंटरनेटचा जुना डबा काढून त्यानं दोन शिंगांचा नवा डबा बसवला, हा जास्त वेगानं चालतो म्हणाला, संगणकात काहीतरी टाकलं, काकूंची सही घेतली आणि जिना उतरून गेला. संगणक खरंच भराभर चालायला लागला. म्हणून काकूंच्या मनात कधी आलंच नाही की प्रिंटरचं दुखणं त्या डब्यापासून सुरू झालं असेल. त्यांच्या हिशेबी डबा संगणकाचा, आणि प्रिंटर भिंतीतल्या विजेवर चालणारा. दोघांचा संबंध काय?

त्यानंतर काकूंनी करायचं काही बाकी ठेवलं नाही. प्रिंटर बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. कागद काढून, झटकून, कडा जुळवून पुन्हा ठेवले. शाईच्या डब्या बाहेर काढून बघितल्या आणि बोटं निळी करून घेतली. झाकण उघडून सवयीप्रमाणे आत फुंकरही मारली. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला तर एक गोड आवाज, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, आणि दाबत दाबत गेलं की फिरून पहिल्या दारात आणून सोडणारा. एकदा एक खरा माणूस लाभला. त्यानं प्रिंटरच्या पाठीवरचा लांबच्या लांब क्रमांक विचारला, काकू चष्मा शोधायला गेल्या, आणि येईपर्यंत फोन कटला.

मुलगी होती, पण ती दिवसभर बँकेच्या कामात. दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत ती फोनवर चेहरा दाखवायची. “आई, कॅमेरा स्क्रीनकडे धर, तुझं कपाळ नको दाखवूस,” असं म्हणायची. काकू फोन फिरवायच्या, मग मुलीला छत दिसायचं. असं करता करता दोघींचाही आवाज चढायचा. नवीन प्रिंटर मागवून टाकू का, असं तिनं विचारलं, तर तो यायला आठवडा लागणार होता आणि आल्यावर तो तरी कोण जोडणार? शेवटी मुलगी विषय सोडून विचारायची, बाबा कसे आहेत? काकू सांगायच्या, बरे आहेत. यापलीकडे सांगून त्या पोरीच्या जिवाला घोर लावायचा नव्हता.

बाहेरून छापून आणणं हा सोपा मार्ग, पण तोही काकूंनी चालून बघितला होता. मागे एकदा त्या स्वतःच कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानात गर्दी होती, उशीर झाला. परतल्या तेव्हा साहेब पलंग आणि कपाट यांच्या मधल्या बोळात पडलेले. किती वेळ पडून होते कोण जाणे. हाक मारायची तर तोंडात एकच शब्द, आणि ‘उद्या, उद्या’ ऐकून शेजारपाजारचं कोण धावून येणार? त्या दिवसापासून त्यांना एकटं टाकून काकू घराचा उंबरा ओलांडत नव्हत्या. सकाळी आंघोळ घालायला येणाऱ्या मदतनीस बाईंकडे त्यांनी पेन ड्राइव्ह दिला, तर दुकानदारानं सगळी चित्रं काळ्या-पांढऱ्यात एकाच कागदावर कोंबून दिली, तिकिटाएवढी. त्यात टोमॅटो कोणता आणि चेंडू कोणता ते काकूंनाही ओळखू येईना. केंद्रातल्या बाईंना विचारावं तर त्या दोन दिवस प्रशिक्षणाला गेलेल्या, त्यामुळे केंद्रातली फेरीही चुकलेली. मग काकूंनी स्वतः चित्रं काढायला घेतली. त्यांना कात्री तेवढी हुबेहूब जमली. कपाची बादली झाली.

आणि आता उद्या केंद्रात तपासणी होती. बाईंनी आधीच समजावलं होतं, केंद्रात जागा थोड्या आणि वाट बघणारी माणसं पुष्कळ. ज्यांच्यात सुधारणा दिसते त्यांचे उपचार पुढे चालू राहतात, बाकीच्यांना घरच्या घरी सराव करायला सांगतात. यात कोणाचा दोष नव्हता. पण साहेबांचा सराव नवी पानं नसल्यामुळे बंद पडला होता, आणि जे थोडं आलं होतं तेही हातचं जायला लागलं होतं. काल ‘चष्मा’ म्हटल्यावर त्यांनी गोळीवर बोट ठेवलं.

दुपारी जेवण उरकून काकू पुन्हा संगणकापुढे बसल्या. शिवणयंत्रावर अर्धवट पडदा लोंबत होता, गिऱ्हाइकाचा निरोप दोनदा येऊन गेला होता, तिकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. त्यांनी या आठवड्याची पानं उघडली. खाणं, पिणं, बसणं, झोपणं. आज्ञा दिली. चाक फिरलं. शांत. पुन्हा दिली. मग जुनी पाण्याच्या ग्लासाची पानं उघडली, कारण ती एकदा निघाली होती, तेव्हा कदाचित यंत्राला त्यांची ओळख असेल, असं त्यांच्या थकलेल्या डोक्यात आलं. तीही पाठवली, पुन्हा पुन्हा पाठवली. मग त्या नुसतंच बटण दाबत राहिल्या, दार वाजवणाऱ्या माणसासारख्या.

मागून साहेबांचा आवाज आला. “उद्या.”

“हो, उद्याच आहे,” काकू म्हणाल्या. “उद्याचंच पडलंय मला.”

“उद्या. उद्या!” साहेब पलंगाच्या कडेला उठून बसले होते आणि डाव्या हातानं दाराकडे दाखवत होते. हे त्यांचं काही दिवसांपासून चाललं होतं. काकू प्रिंटरपाशी बसल्या की यांचं दाराकडे बोट. बाहेर जायचं असेल म्हणून काकूंनी त्यांना एकदा चपला घालून जिन्यापर्यंत नेलं, तर ते भिंत धरून उभे राहिले आणि पाऊल टाकीनात. कोणी आलंय असं वाटत असेल म्हणून दार उघडून रिकामा जिना दाखवला. वारा लागत असेल म्हणून दार घट्ट लावून शाल गुंडाळली. प्रत्येक वेळी साहेब मान हलवत, चिडत, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून पडत. काकू मनाशी म्हणायच्या, डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय.

आज मात्र काकूंचा तोल गेला. त्या उठल्या आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“काय आहे त्या दारात? काय हवंय तुम्हाला? हे धूड तुम्हीच आणलंत ना घरात? कोणाला हात लावू दिला नाहीत, कोणाला शिकवलं नाहीत, आणि आता मी काय करू? तुमच्यासाठीच करतेय ना मी हे सगळं?”

साहेबांचा जबडा हलत होता. शब्द आत कुठेतरी येऊन अडकला होता, तो बाहेर ढकलायला त्यांनी इतका जोर लावला की कपाळाची शीर फुगली, आणि बाहेर पडलं ते पुन्हा, उद्या. त्यांनी डाव्या मुठीनं स्वतःच्या मांडीवर मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मारतच राहिले. काकूंनी तो हात धरला. त्या हाताला अजून भलताच जोर होता. दोघांची झटापटच झाली म्हणायची, आणि त्यात पलंगावरचे कागद खाली सांडले, काकूंच्या बादलीसारख्या कपाचं चित्रही, आणि पेन्सिल.

साहेबांचा हात थांबला. ते पेन्सिलीकडे बघत होते.

काकूंनी पेन्सिल उचलून त्यांच्या डाव्या हातात दिली ती फक्त तो हात कशात तरी गुंतावा म्हणून. कागद मांडीवर धरला. साहेबांनी रेघ ओढली. डाव्या हातानं माणूस ओढील तशी ती वाकडी गेली. त्यांनी ती बघितली आणि शेजारी दुसरी ओढली, जरा सरळ. चौकोन झाला. चौकोनावर दोन उभ्या काठ्या. काकूंना वाटलं, घर आहे. मग वाटलं, बैल आहे. साहेबांनी खाली दुसरा चौकोन काढला, त्याच्या पोटातून बाहेर आलेला एक कागद काढला. हा प्रिंटर, हे काकूंना कळलं. मग दोन्ही चौकोनांच्या मध्ये त्यांनी तुटक तुटक रेघ ओढली आणि त्या रेघेवर जोरात फुली मारली, इतकी जोरात की कागद फाटला. आणि मग बोट उचलून दाराकडे दाखवलं. दाराच्या वर.

काकूंनी दाराच्या वर बघितलं. दोन शिंगांचा नवा डबा तिथे मिणमिणत होता.

त्या साहेबांशेजारी पलंगावर बसल्या. हा माणूस पहिल्या दिवसापासून सांगत होता. त्याला चपला घातल्या, त्याला शाल गुंडाळली, त्याला वेडा ठरवला, आणि तो सांगत होता.

पुढचं सगळं साहेबांच्या हुकमानं झालं. प्रिंटरला जुन्या डब्याची ओळख होती, नव्याशी करून द्यायला हवी होती, आणि ती कशी करायची हे साहेबांच्या डोक्यात चोपड्याच्या पानासकट जागच्या जागी होतं. त्यांनी डब्याच्या चित्रावर एका बाजूला छोटा गोल काढला, प्रिंटरवर दुसरा गोल काढला, आणि काकूंचा अंगठा धरून आपल्या तळव्यावर दाबून धरला, बराच वेळ. दाबून धरायचं. आधी प्रिंटरचं, मग डब्याचं. काकूंनी त्यांना धरून प्रिंटरपाशी खुर्चीवर बसवलं, स्वतः दुसरं स्टूल दारापाशी नेलं आणि गुडघे सांभाळत वर चढल्या. डब्याच्या कडेला खरंच एक बारीकसं बटण होतं. खाली साहेबांनी प्रिंटरचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. त्यांनी वर मान केली.

“उद्या!” साहेब ओरडले.

काकूंनी त्याच क्षणी बटण दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. काकू खाली उतरायचं विसरून स्टुलावरूनच प्रिंटरकडे बघत होत्या. मग प्रिंटरच्या पोटात काहीतरी सरकलं, खाकरल्यासारखा आवाज आला आणि त्यानं कागद आत ओढला.

काकू उतरून येईपर्यंत पहिलं पान बाहेर आलं होतं. पाण्याचा ग्लास. निळाशार, जसाच्या तसा. काकूंनी तो छातीशी धरला. दुसरं पान आलं. पाण्याचा ग्लास. तिसरं आलं, तेही पाण्याचा ग्लास. काकूंच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. इतक्या दिवसांत त्यांनी दिलेली एकूण एक आज्ञा त्या संगणकानं सांभाळून ठेवली होती, आणि आता तो सगळं देणं, मागचं-पुढचं न बघता, इमानेइतबारे फेडत होता. मध्येच कधीतरी दाबलेली चाचणीची रंगीत पट्ट्यांची पानं आली. मग चष्मे आले. मग पुन्हा ग्लास. काकू संगणकाकडे धावल्या, थांबवायचं बटण शोधू लागल्या, एक खिडकी बंद केली तर दुसरी उघडली. तिकडे ग्लासांचा ओघ सुरूच. साहेबांनी डाव्या हातानं कागदांची थप्पी धरून ओढायचा प्रयत्न केला, पण एका हाताला ती आवरेना. निळा रंग फिका पडला. मग पाणी गुलाबी झालं. मग ग्लासावर पांढरे पट्टे उमटले, आणि मग नुसती कडा राहिली.

सगळ्यात शेवटी या आठवड्याची पानं आली. खाणं, पिणं, बसणं, झोपणं. चारही पानं कोरी. उजेडात तिरकी धरली तर एखादी पुसट रेघ दिसायची, एवढंच.

प्रिंटर थांबला. त्याच्या हिरव्या दिव्याशेजारी लाल दिवा लागला.

काकू होत्या तिथेच, कागदांच्या पसाऱ्यात, जमिनीवर बसल्या. आजारपण सुरू झाल्यापासून त्या साहेबांसमोर रडल्या नव्हत्या, स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होत्या. आता नळाचंही भान राहिलं नाही. मी एकटीनं किती करायचं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कोणाला म्हणत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि वरून, खुर्चीवरून, एक शब्द आला. खडबडीत, फुटक्या आवाजात, पण स्पष्ट.

“गाढव.”

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांनी वर बघितलं. साहेबांचे डोळे विस्फारले होते. स्वतःच्या तोंडातून काय निघालं ते त्यांनाच पटत नव्हतं.

“कोण?” काकूंनी विचारलं. “मी का प्रिंटर?”

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “उद्या,” ते म्हणाले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना आधी वाटलं रडताहेत. नीट बघितलं तर हसत होते. मग पुन्हा बघितलं तर दोन्ही चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या लांबट खोलीत बाईंनी साहेबांपुढे एकेक चित्र ठेवलं. काही बरोबर आली, बरीचशी चुकली. बाई दर वेळी टिपून घेत होत्या आणि काकू त्यांच्या पेनाकडे बघत होत्या. कालचा ‘गाढव’ काकूंनी मोठ्या आशेनं सांगितला. बाईंनी साहेबांना तो पुन्हा म्हणायला सांगितलं, मांडीवर ताल धरून दिला, पहिलं अक्षर काढून दिलं. साहेबांनी जीव तोडून प्रयत्न केला आणि ‘उद्या’ म्हणाले. बाईंनी पेन खाली ठेवलं. रागात, वैतागात एखादा शब्द असा निसटतो, त्याला बोलणं म्हणता येत नाही, असं त्यांनी हळुवारपणे सांगितलं. मग पुढच्या बोलण्यासाठी त्यांनी जसा श्वास घेतला, त्यावरूनच आता उपचार थांबणार हे काकूंना कळलं.

तेव्हा काकूंनी पिशवीतून तो फाटका कागद काढला. त्यांच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतंच. प्रिंटरचं सगळं रामायण त्यांनी सांगितलं, दाराकडचं बोट, चपला, शाल, आणि स्वतः काय काय बोलल्या तेही. बाईंनी कागद हातात घेऊन नीट बघितला. मग त्यांनी साहेबांपुढे कोरा कागद आणि पेन्सिल सरकवली आणि विचारलं, काका, सकाळी काय घेतलंत? साहेबांनी कप काढला. वाकडा, पण कपच. मग कपाच्या बाजूला उभी रेघ ओढून तिच्या दोन्ही टोकांना बाण काढले आणि मधे उंचीचा आकडा लिहिला.

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण जे सांगितलं ते गोड करून सांगितलं नाही. आठवड्यातून तीनदा येणं आता बंद होईल, एकदाच यायचं, ते त्यांच्या हातात नव्हतं. शब्द परत येतील असं वचन त्या देणार नव्हत्या. मात्र सराव बदलायचा, छापील पानं बाजूला ठेवायची आणि पेन्सिल हातात द्यायची.

“काकू, एक विचारू?” निघताना त्या म्हणाल्या. “काका आत पूर्ण जागे आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

काकूंना हो म्हणायचं होतं. पण त्यांना मदतनीस बाईंशी साहेबांच्या देखत केलेली बोलणी आठवली, आता यांना काय कळतंय, म्हणून. टॅक्सीत बसल्यावर साहेबांचा मफलर नीट करायला त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आधी विचारलं, करू का?

त्यानंतरचे दिवस काही सोपे गेले नाहीत. डाव्या हाताला पटकन रग लागायची, चित्र अर्ध्यावर राहायचं, पेन्सिल भिंतीवर जाऊन आदळायची. पण एका सकाळी साहेबांनी खोलीचा नकाशा काढला. वरून बघितल्यासारखा, दार, खिडकी, कपाट सगळं जागेवर. त्यात पलंग मात्र उलटा दाखवला होता, उशी कपाटाकडे आणि पाय खिडकीकडे. काकूंनी तो कागद बराच वेळ फिरवून बघितला. मग त्या पलंगावर, साहेबांच्या जागी, त्यांच्यासारख्याच आडव्या झाल्या. समोर कपाटाचं दार. दुसरं काही नाही. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी या माणसाला कपाटाकडे तोंड करून निजवलं होतं, कारण औषधं द्यायला ती बाजू सोयीची पडायची.

वरच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावून पलंग फिरवला. आता पडल्या पडल्या खिडकी दिसायची, रस्त्याच्या पलीकडची गच्ची, आणि शिवणयंत्रावर बसलेल्या काकूंचा चेहराही. साहेबांनी मान टेकवली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं. एक गोल काढला, त्यात दोन ठिपके, बाजूला पायऱ्यांसारखं काही. काकूंनी विचारलं, मुलगी? जिना? भूक लागली? कोणाला बोलवायचंय? प्रत्येकाला मान हलली, नाही. त्यांनी तेच पुन्हा मोठं करून काढलं. काकूंनी सुचेल ते सगळं विचारून झालं. शेवटी साहेबांनी पेन्सिल ठेवली आणि डोळे मिटले. काकू तो कागद हातात घेऊन तशाच बसून राहिल्या, आणि अंधार पडायला लागला तेव्हा दिवा लावायला उठल्या.